बांधावरचे झाड, मोहोळ आणि आपले पीक



सूर्यफुलाच्या लागवडीची माहिती देताना आम्ही मंडळी एक शिफारस वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. पीक फुलोऱ्यात आले की सकाळच्या वेळी हाताला मऊ, तलम कापड गुंडाळावे आणि प्रत्येक फुलाच्या तबकावरून हलक्या हाताने फिरवावे, म्हणजे परागकण पसरतात व दाणे चांगले भरतात. शिफारस बरोबरच आहे. पण तिचा अर्थ काय होतो, हे कधी ध्यानात घेतले आहे का? जे काम मधमाशी फुकट करीत होती, ते आता आपण मजूर लावून करतो.

मग ही मधमाशी गेली कुठे? हा प्रश्न कार्यक्रमात विचारला की बहुतेकजण एकच उत्तर देतात, “औषधांनी मेली.” त्यात खोटे काही नाही. पण ते अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे आपल्या बांधावर आहे. आज त्या बांधाचाच थोडा इतिहास सांगणार आहे, कारण तो कळल्याशिवाय पुढे काय लावायचे हेही कळणार नाही.

जुना बांध

पूर्वी बांधावर झाड ठेवीत ते मधमाशीसाठी नव्हे. बाभूळ ठेवीत, कारण नांगर, कुळव, तिफण, गाडीची चाके यांना बाभळीचे लाकूड लागे. सुतार बलुत्यावर काम करी, पण लाकूड मात्र शेतकऱ्यालाच द्यावे लागे. कडुनिंब औषधाला आणि धान्यात पाला घालायला, बोर-जांभूळ पोरांना, चिंच घरखर्चाला आणि बाजाराला, पळस पत्रावळीला. प्रत्येक झाडामागे काही ना काही गरज होती, म्हणून झाड टिकत होते.

राज्यकर्त्यांनाही याची जाण होती. रामचंद्रपंत अमात्यांनी सन १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी सूचना आहेत. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असा त्यातला आशय आहे. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, त्याचा मोबदला देऊन मगच न्यावे, असेही सांगितले आहे.

या झाडांच्या आश्रयाने माश्या राहत. आग्या मोहोळ उंच वडा-पिंपळाच्या किंवा उंबराच्या फांदीला लटके. सातेरी माशी जुन्या झाडाच्या ढोलीत घर करी. लहानशी फुलोरी झुडपाच्या काटकीला पोळे बांधी, तर पोयाची माशी, जिला नांगीच नसते, ती खोडाच्या फटीत राही. काळा भुंगा वाळलेल्या लाकडाला भोक पाडून त्यात अंडी घाली. याखेरीज एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या बांधाच्या मोकळ्या मातीत बिळे करीत. म्हणजे बांध ही त्यांची वस्ती होती. आपण तिकडे फक्त दोन शेतांमधली हद्द म्हणून पाहत होतो.

गावाजवळची देवराई हे दुसरे ठिकाण. देवाच्या नावाने राखलेल्या या रायांची पाहणी पुण्याच्या डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केली, तेव्हा सह्याद्रीच्या बाजूला अशा अनेक राया टिकून असल्याचे दिसून आले. पण देवराई सगळ्याच गावांना नाही. पठारावरच्या कोरडवाहू गावांना बांधावरचे झाड हीच देवराई होती.

बांध मोकळे कसे झाले

हे एका दिवसात झाले नाही, आणि कोणा एकाचा त्यात दोष नाही.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते अशी लोकांची समजूत होती, म्हणून सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळेना. पुढे त्याचा गुण पटला, नांगर गावोगाव गेला आणि शेतीचे मोठेच काम हलके झाले. पुढे लोखंडी अवजारे आली, टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला. हे सगळे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर बाभळीची गरज संपली, आणि ज्या झाडाची गरज संपते त्याच्याकडे धनी सरपण म्हणून पाहू लागतो.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांना मी नव्याने काय सांगावे! जनावरांना पाला हवा आणि चुलीला लाकूड हवे, तेव्हा बांधावर कुऱ्हाड चालली. माणसे आणि जनावरे जगवण्यासाठी ती चालली, तिला नावे ठेवता येत नाहीत. पण दुष्काळ सरल्यावर त्या जागी पुन्हा झाड लावायचे मात्र राहून गेले.

तिसरे कारण वाटणीचे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. जमीन कमी झाली की माणूस बांध कोरू लागतो. दोन्ही भावांनी दोन्हीकडून एकेक तास पुढे नेला की बांधाचे वरंबे होतात. अशा वरंब्यावर झाड उभे राहील कसे? आणि राहिलेच, तर त्याची सावली भावाच्या पिकावर पडते म्हणून भांडण.

माझ्या स्वतःच्या घरचीच गोष्ट. आमच्या विहिरीकडच्या बांधावर एक जुनी बाभूळ होती. तिच्या ढोलीत सातेरीचे मोहोळ असे. मी चौथीत असताना वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी झाली. बाभूळ नेमकी हद्दीवर आली. ती कोणाची हे ठरेना, तेव्हा पंचांनी निकाल दिला की तोडून लाकूड निम्मे-निम्मे घ्यावे. निकाल दोघांना मान्य झाला, भांडण मिटले. मोहोळ कोणाच्या वाट्याला आले, हे मात्र कोणी विचारले नाही.

चौथे कारण औषधांचे. संकरित बियाण्यांबरोबर फवारणी आणि धुरळणी आली. बी.एच.सी. पावडर आपल्या शेतीत १९९७ साली बंदी येईपर्यंत वापरात होती. पीक फुलोऱ्यात असताना, सकाळी माशी फुलावर असताना धुरळणी झाली की काय होत असेल ते तुम्ही जाणता. अलीकडे बांधावर तणनाशक मारण्याची चाल पडली आहे. त्यामुळे बांधावरची रानफुले आणि निर्गुडीसारखी झुडपेही जातात.

पेटी आली, पण चारा?

मधमाशी कमी झाली तर पेटीत पाळावी, हा विचार जुना आहे. चौकटीची पेटी अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली शोधली. आपल्या सातेरीचा बांधा लहान, म्हणून तिला बसेल अशी लहान पेटी तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. त्याच साली हिमाचलातील नगरोटा येथे युरोपातून आलेली मेलिफेरा माशी आपल्या देशात रुजली. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

मांघरला मध होतो तो पेटीच्या गुणाने नव्हे. भोवती जंगल आहे, त्यात जांभूळ आहे, हिरडा आहे, गेळा आहे, कारवी आहे. तीच पेटी आणून उसाच्या आणि सोयाबीनच्या सलग पट्ट्यात ठेवली तर माशी उपाशी राहते, तिला साखरेचा पाक पाजावा लागतो, आणि एक दिवस ती पेटी सोडून निघून जाते. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरीच्या अळ्यांना थायलंडकडच्या एका विषाणूचा रोग लागला आणि असंख्य वसाहती गेल्या. रोगराई ही अशी असते. सगळी भिस्त पेट्यांवर ठेवून चालत नाही. रानातल्या, ढोलीतल्या आणि बांधातल्या माश्याही हव्यात.

सूर्यफूल, कांद्याचे डेंगळे किंवा डाळिंब, यांपैकी कोणतेही पीक घ्या, त्याचा फुलोरा तीन-चार आठवडे चालतो. तेवढ्या दिवसांत माशीला खायला भरपूर. पण वर्षाचे आठवडे बावन्न असतात. उरलेले दिवस तिने काय खावे? जो सांभाळ पिकाकडून होत नाही, तो झाडाकडून होतो. आपल्या देशी झाडांचे फुलोरे असे लागून येतात की एक संपला की दुसरा सुरू. सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटर जाते. तेवढ्या टापूत बारा महिने काहीतरी फुललेले असेल, तर तुमचे पीक फुलेल तेव्हा ती जवळ हजर असेल. पाहुणी म्हणून पेटी भाड्याने आणण्याची वेळ मग कमी येईल.

झाडे लावणाऱ्यांचा इतिहास

आता लावणाऱ्यांकडे वळू. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेची मुले शिबिरे घेऊन गावात श्रमदान करू लागली. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला. त्या काळात सुबाभूळ आणि निलगिरी यांचा मोठा बोलबाला होता. झटपट वाढणारी झाडे होती ती, चारा-लाकूड त्यांनी दिले, आणि निलगिरीच्या फुलावर माशीही बसते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एकाच जातीची झाडे सगळीकडे लावली की फुलोराही एकाच वेळी येतो, आणि एरवी सगळा कोरडा कारभार.

१९९२ साली आदर्श गाव योजना आली. हिवरे बाजारसारख्या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, श्रमदान केले आणि उजाड डोंगर हिरवा करून दाखवला. तिथे झाड लावणारा आणि झाड राखणारा एकच होता, हा त्यातला धडा. पुढे १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला, आणि २०१९ पर्यंत हे उद्दिष्ट तेहतीस कोटींवर गेले. शाळा, कचेऱ्या, तरुण मंडळे, सगळे त्यात उतरले. आज त्यांतल्या काही मंडळांना शेतातल्या बांधावर देशी झाडे लावायची आहेत. तुमच्याही गावात असे स्वयंसेवक येतील, कदाचित येऊनही गेले असतील.

माझ्या हद्दीतल्या एका गावात अशी मुले प्रथम आली तेव्हा रोपे मी मिळवून दिली. रोपवाटिकेत जे हाताशी होते ते घेतले, गुलमोहर आणि काशीद. काशीद शेळ्या खात नाहीत, म्हणून मला ते सोयीचे वाटले. ज्यांचा बांध, त्यांना नीट विचारलेही नाही. जुलैत रोपे लावली, फोटो काढले, मुले गेली. पुढच्या वैशाखात बांधावर नुसत्या काटक्या उभ्या होत्या. दोष मुलांचा नव्हता, माझा होता.

दुसऱ्या वर्षी मुले पुन्हा आली, तेव्हा आम्ही आधी पारावर बसलो. तिथल्या एका वयस्क शेतकऱ्यांना सगळे नाना म्हणतात. ते म्हणाले, “साहेब, झाड तुम्ही लावणार, पण सावली घरी घेऊन जाणार का? माझी ज्वारी पिवळी पडते त्याचं काय? अन् झाडावरची पाखरं कणसं खातात ती वेगळीच.” यावर माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. मग बांधोबांध फिरलो. पिकाच्या मधला बांध सोडून दिला. ओढ्याची कड, विहिरीची पड, रस्त्याची बाजू, खळ्याची जागा, पाझर तलावाचा काठ, अशा जागा निवडल्या. कोणती झाडे लावायची हे मात्र आम्ही ठरवले नाही. नानांच्या वहिनींना विचारले, “काकी, मोहोळाच्या माश्या कशावर बसताना पाहिल्यात?” त्यांनी बोटे मोडत नावे सांगितली: करंज, जांभूळ, बोर, शेवगा, कडुनिंब, खैर, निर्गुडी. आमच्या पुस्तकातल्या यादीपेक्षा ती फारशी वेगळी नव्हती.

त्या वर्षीची सगळी झाडे जगली असे मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या बांधावर घरच्या माणसाने उन्हाळ्यात पाणी घातले, त्यांची बहुतेक उभी आहेत. पाणी फक्त स्वयंसेवकांनीच घालायचे होते, तिथली गेली. परवा नानांनी मला शेवग्याच्या फुलावरची माशी दाखवली आणि म्हणाले, “हिला भाड्याची पेटी लागत नाही बघा.” सावलीबद्दल मात्र त्यांचे मत अजून तेच आहे.

फुलोऱ्याचे पंचांग

पाऊसपाण्याप्रमाणे आणि भागाप्रमाणे थोडे मागेपुढे होते, तरी साधारण अंदाज असा:

हिवाळ्यात: रिठा, अडुळसा, शेवगा.
शिमग्याच्या आगेमागे: काटेसावर, पळस, पांगारा, आपटा.
उन्हाळ्यात: कडुनिंब, जांभूळ, मोह, शिरीष, करंज, बहावा, जिथे होतो तिथे हिरडा.
मृगाच्या सुमारास: चिंच, खैर.
पावसाळ्यात व नंतर: बाभूळ, निर्गुडी, बोर.

प्रत्येक ओळीतले निदान एक झाड आपल्या टापूत असावे. एकट्याच्या शेतात सगळी लावायची गरज नाही. चार शेजाऱ्यांनी मिळून वाटून घेतली तरी पंचांग पुरे होते.

काय करावे

१. आधी आहे ते राखावे. ढोली असलेले जुने झाड शंभर रोपांच्या तोडीचे समजा. चिंच, आंबा, जांभूळ, मोह, हिरडा अशा झाडांच्या तोडीला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवा.

२. सावली उत्तरेकडे पडते. तुमच्या उत्तर बांधावरचे झाड शेजाऱ्याच्या पिकावर सावली टाकील. म्हणून आधी त्याच्याशी बोला, किंवा ओढा, रस्ता, पड यांच्या कडेची जागा घ्या. दरवर्षी खालच्या फांद्या छाटा.

३. खड्डे उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावेत. तळाशी पालापाचोळा व शेणखत घालावे. भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी करावी.

४. रोप नसेल तर बी लावावे. निंबोळी आणि जांभळाचे बी ताजेच पेरावे, ठेवले की उगवत नाही. शेळ्यांनी शेंगा खाऊन लेंडीतून टाकलेले बाभळीचे बी चांगले उगवते, हे जुनी माणसे जाणतात.

५. स्वयंसेवक आले तर त्यांना तीन गोष्टी विचारा. झाड कोणते? चैत्र-वैशाखात पाणी कोण घालणार? मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे कोण लावणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर “आम्ही घरची माणसे” असे तुम्हालाच देता येत असेल तर रोपे घ्या. नसेल तर नम्रपणे नको म्हणा. झाडांची मोजणी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर करावी.

६. पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी. करणे भागच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी. शेजारी पेट्या असतील तर आदल्या दिवशी सांगावे. बांधावर तणनाशक मारू नये आणि बांधाची थोडी माती उघडी, न नांगरलेली ठेवावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्वारी, बाजरी, गहू, भात, हरभरा, सोयाबीन या पिकांचे मधमाशीवाचून फारसे अडत नाही. झाडे लावल्याने त्यांचे उत्पन्न वाढेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. सूर्यफूल, कारळा, कांद्याचे बी, काकडी, कलिंगड, खरबूज, भोपळा, डाळिंब यांना मात्र माशीची गरज आहे, आणि तुरीला व करडईला तिची मदत होते. १९७० च्या दशकात आपल्याकडे नव्याने आलेले सूर्यफूल लातूर, त्या वेळचे उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, आणि सोलापूरकडे भरपूर पसरले होते. आज तिथे सोयाबीन आहे. त्याची कारणे अनेक, भावाचे कारण मोठे. पण पोकळ दाण्यांची तबके ज्यांनी हाताने चाचपली, त्यांना माशीची किंमत वेगळी सांगायला नको.

आमच्या घरच्या त्या बाभळीच्या जागी मी गेल्या पावसाळ्यात करंज लावला आहे. हद्दीवर नव्हे, विहिरीच्या पडीत, आणि चुलतभावाला विचारून. पाणी तो घालतो, मी गावी गेलो की मी घालतो. त्याला ढोली पडायला माझा जन्म पुरणार नाही. पण फुले काही वर्षांत येतील. तुमच्याही शेतात अशी एखादी जागा असेल. मृगाच्या आधी ती एकदा पाहून ठेवा.

आपल्या भागातल्या रोपांबद्दल गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारावे, आणि तुमच्या शिवारात मोहोळ कोणत्या झाडावर बसते ते आम्हाला पत्राने अवश्य कळवावे. निवडक पत्रांची माहिती पुढच्या कार्यक्रमात सांगू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी